काळ्या मातीत वाफ्यांना काँक्रीटची कड : घालावी की टाळावी? (इंदूर)

सुदामानगरी
नमस्कार मंडळी. घरापुढच्या बागेत वाफ्यांना कड घालायची आहे. माती काळी, चार फूट खणलं तरी काळीच. मधे ३० बाय २० फुटांची हिरवळ (सिलेक्शन वन, म्हणजे हरळीचीच एक जात), तिच्या तीन बाजूंना अडीच फुटी वाफे. म्हणजे दोन सरळ बाजू ३०-३० फुटांच्या आणि मागची २० फुटांची वळणाची. मागे कडुनिंब आहे, बुंधा कडेच्या रेषेपासून चार फुटांवर.
त्रास दोन. हिरवळ वाफ्यात घुसते आणि पावसाळ्यात वाफ्यातली माती हिरवळीवर येऊन बसते. मिस्त्री म्हणतो, ४ इंच रुंद ८ इंच खोल काँक्रीट ओतून टाकू, कायमचं काम होईल. नर्सरीवाल्याचं म्हणणं, काळ्या मातीत काँक्रीट टिकत नाही, तिरप्या विटा लावा. दोघांपैकी कोणाचं ऐकू? फायदे-तोटे दोन्ही सांगा, आणि करायचं ठरलं तर माप, मिश्रण, सांधे सगळं नीट लिहा.

हरळी_प्रेमी
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. काळ्या मातीतल्या प्रत्येक बागेचा हा प्रश्न आहे.

राऊचा_माळी
आधी फायदे. चार इंची कड जमिनीला लागून बसवली की गवत कापण्याच्या यंत्राचं चाक त्यावरून चालतं, वाफ्याकाठचं गवत कात्रीने छाटत बसावं लागत नाही. ८० फुटांची कड बसून हाताने छाटायची तर पंधरवड्याला तास-दीड तास जातो, तो वाचतो. माती-खत वाफ्यात राहतं. दिलेलं पाणीही वाफ्यातच मुरतं.
तोटा एकच, पण मोठा. चुकलं तर दुरुस्ती नाही, फोडणंच आहे. म्हणून वाफ्याचा आकार आधी निदान एक हंगाम नुसत्या दोरीने आखून पाहावा.

ओळंबा
नर्सरीवाला अर्धा बरोबर आहे. काँक्रीट काळ्या मातीत टिकत नाही हे खरं नाही. काळ्या मातीवर थेट ओतलेलं काँक्रीट टिकत नाही.
माळव्याची माती काळ्या बसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. असल्या खोल काळ्या मातीत घरांसाठी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घेतात तेव्हा त्यांची खोली साधारण साडेतीन मीटरच्या पुढे धरतात, कारण तिथवर माती ऋतूप्रमाणे हलते. मग आठ इंचांच्या पट्टीची काय कथा? ती जमिनीबरोबर वरखाली होणारच. प्रश्न एवढाच, की सगळी एकसारखी हलते की एक टोक वर आणि दुसरं खाली.
एकसारखी हलली तर काही बिघडत नाही. तुकड्यातुकड्याने हलली की तडा.

माळवी_माती
ओळंबा दादांच्या मुद्द्याला जोड. कड तिरकी होते ती बहुतेक पाण्यामुळे. हिरवळीला रोज फवारा आणि वाफ्यात काटक झाडं असतील तर आठवड्यातून एकदा पाणी. एका बाजूची माती फुगलेली, दुसऱ्या बाजूची आकसलेली. पट्टी कोरड्या बाजूला कलते, वरची धार पाऊण-एक इंच बाहेर येते आणि यंत्राचं पातं तिच्यावर आपटतं. ही खोड सिमेंटची नव्हे, पाणी देण्याची आहे.

तगारी
मिस्त्री लोक काय करतात ते सांगतो, म्हणजे कुठे लक्ष ठेवायचं ते कळेल. चार इंच खणतात, खाली काही टाकत नाहीत, गिट्टी-रेती अंदाजाने फावड्यांनी मोजतात, माल पातळ करतात म्हणजे तो आपोआप पसरतो आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवतात. पहिल्या दिवशी आरशासारखं दिसतं. त्या सिमेंटच्या सायीला दोन महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात. वरून कोरडं सिमेंट टाकू देऊ नका.

सुदामानगरी
तगारी भाऊ, मिस्त्रीने हेच सांगितलं होतं, 'वरून सिमेंट मारून चकाचक करून देतो'. बरं झालं विचारलं. मग खाली काय टाकायचं?

ओळंबा
मुरूम. पट्टी ४ इंच रुंद असली तरी चर ८ इंच रुंद खणा. खोली साडेतेरा इंच : तळाला ६ इंच मुरूम, त्यावर ८ इंच काँक्रीट, पैकी अर्धा इंच मातीच्या वर. मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर दबल्यावर ३ इंच. पाणी शिंपडून तास-दोन तास थांबा, मग धुम्मसने ठोका. टाच मारली तर खळगा पडता कामा नये.
८० फुटांना दबलेला मुरूम २७ घनफूट लागतो, सुटा ३५ मागवा. लाल-पिवळसर, थोडा चिकट, मुठीत दाबला तर बसणारा हवा. निव्वळ खडे असलेला नको.

पाणीदार
इथे माझं दुमत आहे. काळ्या चिकणमातीत चर खणून त्यात मुरूम भरला की ती पाण्याची पन्हळच झाली. चारही बाजूंची माती पाणी सोडत नाही, मुरूम सोडतो. पहिल्या जोरदार पावसात सगळं पाणी त्या चरात उतरणार, तळाची काळी माती भिजून फुगणार आणि जे टाळायला मुरूम टाकला तेच होणार. गिट्टी किंवा नुसती रेती टाकली तर आणखी वाईट.

ओळंबा
पाणीदार, मुद्दा अगदी योग्य. म्हणूनच 'थोडा चिकट' म्हटलं. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर जे काम केलं त्याचं सूत्रच हे : थर न फुगणारा हवा, पण त्याला स्वतःचा चिकटपणाही हवा. कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देतात. रेती न फुगणारी असते, पण चिकट नसते, म्हणून ती चालत नाही. कालव्यातला थर मात्र बराच जाड असतो. आपले सहा इंच फुगणं थांबवणार नाहीत, ते सगळीकडे सारखं वाटतील, एवढंच. बागेच्या कडेला तेवढं पुरतं.
चराच्या तळाला उतार मात्र द्या, १०० फुटांना एक फूट, आणि खालचं टोक बंद ठेवू नका.

पाणीदार
मग पटलं. उताराचं टोक पावसाच्या पाण्याच्या शोषखड्ड्याकडे न्या, पायाकडे नको.
आता वरच्या पाण्याचंही बघा. इंदूरला वर्षभरातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, तोही झोडपून पडतो. तीन बाजूंनी काँक्रीटची कड घातली म्हणजे हिरवळीभोवती बांध घातला. मुळं दोन दिवस पाण्यात राहिली की हिरवळ पिवळी पडते आणि त्या जागी मोथा (लव्हाळा, गाठींवर वाढणारं तण) येतो.
उपाय : उताराच्या बाजूला दर ४ फुटांवर पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये आडवा सोडा. त्याचा तळ हिरवळीच्या मातीच्या अर्धा इंच खाली. वाफ्याकडच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधा, नाहीतर माती भरून महिन्यात बुजतो. ओतताना पाइपात कागदाचा बोळा कोंबा, नाहीतर माल आत जातो.
वाफ्यातली माती कडेच्या दोन इंच खाली ठेवा. वाफा काठोकाठ भरला तर कड घालून उपयोग शून्य.

गच्चीवरची_बाग
पाइप सोडताच आहात तर ठिबकची नळी आणि दिव्याच्या वायरीसाठी प्रत्येक बाजूला एक इंची दोन पाइप आडवे घालून टोकं बंद करून ठेवा. नंतर काँक्रीटखालून नळी न्यायची म्हणजे उंदरासारखं पोखरावं लागतं. पाइप कुठे आहे त्याची खूण ओल्या काँक्रीटवर खिळ्याने करून ठेवायची.

ग्वाल्हेरकर
आमच्याकडे माती गाळाची, फुगत नाही, आणि वालुकाश्म जवळच निघतो. त्याच्या लाद्या उभ्या गाडल्या की काम झालं. काळ्या मातीवाल्यांची तारांबळ वाचून मात्र खूप शिकायला मिळतंय.

फरशीवाला
ग्वाल्हेरकरांचा मार्ग इंदूरलाही चालतो, कोटा फरशी घेऊन. कोट्याची एक इंच जाडीची, न पॉलिश केलेली, नऊ-दहा इंच उंचीची पट्टी दोन-दोन फुटांत कापून घ्या आणि सहा इंच गाडा. सांध्यात सिमेंट भरू नका. माती हलली की पट्ट्या थोड्या पुढेमागे होतील, दसऱ्यानंतर काढून पुन्हा सुतात बसवायच्या. तुटली तर एक पट्टी बदलायची. काँक्रीटला हे जमेल का? काळ्या मातीशी भांडू नये, तिला हलू द्यावं.

राऊचा_माळी
फरशीवाला काका, एक इंचाच्या कोट्यावर यंत्राचं चाक कसं चालणार? गवत कापण्याची सोय हा या कडेचा निम्मा फायदा आहे. शिवाय दोन पट्ट्यांच्या फटीतून हरळी सुईसारखी निघते.

फरशीवाला
चाकाचा मुद्दा मान्य. मग चार इंच रुंद, दीड फूट लांब, एक फूट उंच तयार कर्बचे ठोकळे घ्या, मुरमावर सुटे मांडा. सांध्याला एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट. हलले तर उचलून बसवता येतात.

तगारी
एका ठोकळ्याचं वजन चौतीस किलोच्या आसपास भरतं. उचलायला दोघं लागतात, पण फोडण्यापेक्षा बरं. तुलना करा : ८० फुटांची ओतीव कड म्हणजे बाराशे किलो काँक्रीट. उद्या नकोशी झाली तर तेवढा मलबा उचलायचा. तोटे लिहिताना हा पहिला लिहावा.

माळवी_माती
काँक्रीटच्या बाजूनेही कोणीतरी नीट बोललं पाहिजे. सुटे ठोकळे दरवर्षी सारखे करणार कोण? पहिल्या वर्षी उत्साहाने होतं, तिसऱ्या वर्षी कड दाताड्या कंगव्यासारखी दिसते. ओतीव पट्टी मुरमावर, योग्य सांधे देऊन केली तर तडे आपण ठरवलेल्या जागी जातात आणि दिसतही नाहीत. तिरप्या विटांबद्दल मात्र सावध राहा. अर्धी वीट कायम ओल्या मातीत, अर्धी उन्हात. बोअरच्या खाऱ्या पाण्याने लोणा चढतो, पृष्ठभाग भुरभुरतो आणि कच्ची वीट दोन पावसाळ्यांत कोपऱ्यांनी झडते. विटाच हव्या असतील तर एकमेकींवर आपटून खणखणीत वाजणाऱ्या निवडा.

अनंतमोगरा
मंडळी, सगळे काँक्रीटचंच बोलताय, झाडांचंही ऐका.
नव्या काँक्रीटमधून चुना सुटतो. आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. कडेला लागून अनंत किंवा एक्झोरा लावला तर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशी झाडं कडेपासून फूटभर आत लावा. कडेलगत झेंडू, लिली, सदाफुली, पोर्टुलाका चालतं.
पिवळेपणा आलाच तर हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबाचं फूल (सायट्रिक आम्ल) १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. साधं ईडीटीए एवढ्या सामूत टिकत नाही.
पण खरं नुकसान कडेचा चुना करत नाही. मिस्त्री संध्याकाळी तगाऱ्या आणि फावडी वाफ्यात धुतात, ते करतं. त्या जागी पांढरा थर बसतो आणि पुढचे दोन हंगाम काही धड उगवत नाही. धुण्याची जागा आधीच ठरवून द्या, वाफ्याबाहेर, आणि खाली ताडपत्री.

हरळी_प्रेमी
ताई, तगारी धुण्याचं कोणीच सांगत नाही. वाचनखूण साठवली.
एक विचारू? काँक्रीटने मोथा अडतो का?

राऊचा_माळी
नाही. मोथ्याच्या गाठी जमिनीत फूटभर आणि त्याखालीही असतात. आठ इंचांची भिंत तो सहज ओलांडतो, खालून. हरळी मात्र बरीचशी अडते, कारण तिचे धुमारे वरून किंवा वरच्या पाच-सहा इंचांतून जातात. वरून कडेवर चढलेला धुमारा आठवड्याला एकदा कापावा लागतोच. कड म्हणजे कुंपण नव्हे, कापण्यासाठी मिळालेली सरळ रेघ आहे.
मोथा असेल तर कड घालण्याआधी गाठींसकट खणून काढा. चर खणाल तेव्हा ती माती वाफ्यात पसरू नका, त्यात गाठी असतात. बहुतेक बागांत मोथा असाच पसरतो.

रामबागी
थोडं विषयांतर. वळणाची रेघ आखायची सोपी युक्ती : पाण्याचा पाइप तासभर उन्हात टाका म्हणजे मऊ पडतो, हवं तसं वळण मांडा आणि त्याच्याकडेने रांगोळी सोडा. चुन्यापेक्षा रांगोळी बरी, पुसता येते आणि मातीला बाधत नाही. दोन दिवस तशीच राहू द्या, खिडकीतून बघा, फाटकातून बघा.

अनंतमोगरा
रामबागी, बागेच्या उंबरठ्यावर रांगोळी! मन प्रसन्न झालं.

सुदामानगरी
खूपच उपयोगी माहिती मिळतेय, सर्वांचे आभार. आता मिश्रण आणि सांधे. आणि लोखंड घालायचं का?

ओळंबा
मिश्रण १ : दीड : ३. सिमेंट, रेती, गिट्टी. गिट्टी पाऊण इंचाची नको, १२ मिमीची घ्या, चार इंचांच्या फर्म्यात (ओतण्याच्या साच्यात) ती नीट बसते. ८० फुटांना ४ पोती सिमेंट, साडेसात घनफूट रेती, १५ घनफूट गिट्टी. नासधूस धरून साडेचार पोती. फावड्याने मोजायचं नाही. एक फूट बाय एक फूट बाय १५ इंच उंचीची लाकडी पेटी करा, ती बरोबर एका पोत्याच्या मापाची होते.
पाणी पोत्याला जास्तीत जास्त २५ लिटर. रेती ओली असेल तर कमी. मूठभर माल घेऊन आवळा : लाडू वळला पाहिजे, तळहात ओलसर झाला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, हातात पसरला तर जास्त. हा माल आपोआप पसरत नाही, सळईने खोचून फर्म्याच्या कोपऱ्यांत बसवावा लागतो आणि फर्म्याला बाहेरून हातोडीने ठोकावं लागतं. मिस्त्री कुरकुरतील. तेव्हा ठाम राहा.
रेतीत माती किती ते बघा : बाटलीत निम्मी रेती, वर पाणी, चिमूट मीठ, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या बाराव्या भागापेक्षा जाड असेल तर रेती धुऊन घ्या.

तगारी
लोखंड नको. चार इंचांच्या पट्टीत सळई घातली की ती कुठेतरी कडेला सरकते, गंजते, फुगते आणि काँक्रीट आतून फाडते. सांधे नीट कापा, पुरे.

ओळंबा
साध्या मातीत तुमचं बरोबर. काळ्या मातीत घालावं असं माझं मत. सांधा कापला की तडा तिथे जातो, पण पुढचा तुकडा वर उचलला गेला तर सांध्याला पायरी पडते आणि तीवर चाक अडखळतं. सळई तडा थांबवत नाही, दोन तुकडे एका पातळीत धरून ठेवते. ८ मिमीच्या दोन, एक वरून दोन इंचांवर आणि एक खालून दोन इंचांवर, कारण जमीन दोन्ही दिशांना वाकवते. रुंदीच्या अगदी मधोमध ठेवल्या तर दोन्ही बाजूंनी पावणेदोन इंच काँक्रीट मिळतं, गंजायची भीती राहत नाही. सरकू नये म्हणून दर तीन फुटांवर सिमेंटचे ठोकळे बांधा. विटेचे तुकडे नकोत, ते पाणी ओढतात. ६० फुटांना साधारण साडेचौदा किलो लोखंड.

तगारी
६० का? कड ८० फूट आहे.

ओळंबा
कारण मागच्या २० फुटांत, कडुनिंबाजवळ, ओतीव काँक्रीट घालूच नये असं मला वाटतं. चार फुटांवर वाढतं झाड आहे. मूळ जाड होईल तशी पट्टी उचलेल. तिथे फरशीवाला काकांचे सुटे ठोकळे.

फरशीवाला
आणि वळणाला दीड फुटी ठोकळा चालत नाही, आतल्या बाजूला कोपरे भिडतात, बाहेर पाचरीसारखी फट पडते. नऊ इंची तुकडे करून घ्या, किंवा चार इंची काळ्या दगडाचे घडीव चौकोनी ठोकळे घ्या. काळा दगड आपलाच, त्याला काही होत नाही.

पाणीदार
सांध्यांचं राहिलं.
दर ३ फुटांवर एक, खोली पट्टीच्या निदान चौथ्या भागाइतकी, म्हणजे दोन इंच. वेळ महत्त्वाची. ओतल्यावर वरचं पाणी आटून चमक गेली आणि अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण अंगठ्याला माल चिकटत नाही, तेव्हा. इंदूरच्या नोव्हेंबरात ही वेळ ओतल्यापासून दोन-तीन तासांनी येते, उन्हाळ्यात तासाभरातच. पत्र्याची पट्टी सरळ खाली दाबा, हलकेच पुढेमागे करा आणि सरळ वर काढा. तिरकी काढली तर कोपरा उखडतो. उखडलाच तर पाणी लावून थापू नका, त्याच मालातला बारीक भाग बोटाने दाबा. सांध्याची चीर वर आणि दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे. फर्मा काढल्यावर बाजूंनी आरीने रेघ ओढा.
वरच्या दोन्ही धारा अर्ध्या इंचाच्या गोलाईने मोडा. टोकदार धार यंत्राच्या पहिल्याच धक्क्याला उडते.
कड घराच्या ओट्याला किंवा कंपाउंडच्या भिंतीला भिडते तिथे अर्धा इंच जाडीचा थर्मोकोल घाला. सळई तिथे तोडा. भिंतीला कड जोडली तर दोघांची हालचाल वेगळी, फाटणार ते प्लास्टर.

गच्चीवरची_बाग
फर्म्याला जळकं ऑइल लावतात ते वाफ्याच्या मातीत उतरतं. त्याऐवजी साबणाचं दाट पाणी किंवा स्वस्त खाद्यतेल पुसा. सरळ बाजूला पाऊण इंची प्लाय आणि दर दोन फुटांवर खुंटी. वळणावर कोणी ओतणार असेल तर ६ मिमीचा प्लाय, रात्रभर भिजवलेला, आणि खुंट्या फुटाफुटावर.

हरळी_प्रेमी
परदेशात एक यंत्र कड सरळ जमिनीवर घालत पुढे सरकतं, त्याचे व्हिडिओ दिसतात. फर्मा नको, काही नको. ते इथे मिळालं तर?

ओळंबा
ते यंत्र कोरडसर माल दाबून बाहेर सोडतं आणि त्या दाबानेच पुढे सरकतं. माल रेती-सिमेंटचा, त्यात प्लास्टिकचे बारीक तंतू. काम झपाट्याने होतं, वळणं सुरेख येतात. पण ती कड जमिनीवर बसते, जमिनीत नाही. चार-पाच इंच उंच, खाली पाया नाही, म्हणून दोन-अडीच फुटांवर सांधे द्यावे लागतात. काळ्या मातीवर तिची अवस्था पहिल्या उन्हाळ्यात कळेल. शिवाय उंच गोल माथ्यावर चाक चालत नाही.

रामबागी
रंगीत करायची तर?

तगारी
लोहाचा ऑक्साइड रंग, सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत, कोरड्या सिमेंटमध्येच मिसळून. पोत्यामागे अडीच किलो. एका वेळी कालवलेल्या प्रत्येक मालात वजन करून टाकायचा, नाहीतर दर तीन फुटांना वेगळी छटा. बोअरच्या जड पाण्याने पाणी मारलं तर रंगीत कडेवर पांढरी झाक उठून दिसते. नर्मदेच्या नळाचं पाणी वापरा.

सुदामानगरी
मंडळी, ठरलं. दोन्ही सरळ बाजू ओतीव, मुरूम आणि दोन सळयांसह. मागचं वळण काळ्या दगडाचे सुटे ठोकळे. मूळ प्रश्नाकडे वळून शेवटचं विचारतो : काम कधी काढू? मिस्त्री मे महिन्यात मोकळा आहे, 'पावसाआधी उरकू' म्हणतो.

माळवी_माती
मे अजिबात नको. मेमध्ये माती पूर्ण आकसलेली, भेगाळलेली असते. तिच्यावर ओतलं की जूनमध्ये ती फुगून पट्टी उचलणार. ऑगस्टमध्ये ओतलं तर उलट, माती फुगलेली; उन्हाळ्यात ती खाली बसेल आणि पट्टी पोकळीवर लटकेल. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात, ओल मध्यम असते. तेव्हा ओतलं तर दोन्हीकडे हालचाल निम्मी-निम्मी वाटली जाते.
चर खणला आणि तळ कोरडा दिसला तर मुरूम टाकण्याआधी दोन दिवस सावकाश पाणी द्या.

पाणीदार
+१. थंडीत माल हळू धरतो, म्हणून फर्मा ४८ तास काढू नका. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर पाणी दहा दिवस मारायचं, सात दिवसांवर थांबायचं नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवण्यापेक्षा ओलं गोणपाट पांघरा. गोणपाट दुपारी हाताला ओलं लागलं पाहिजे.

फरशीवाला
मागच्या बाजूला खणताना कडुनिंबाचं मूळ लागेल. अंगठ्याएवढं असेल तर धारदार कात्रीने स्वच्छ कापा, मनगटाएवढं असेल तर हात लावू नका. तेवढ्या जागी मुरूम दोन इंचच घाला आणि मुळाच्या दोन्ही अंगांना ठोकळे टेकवून वर एक लांब दगड आडवा ठेवा, मुळाला वर यायला दोन बोटं जागा सोडून.

राऊचा_माळी
आणि चराच्या जागेतली हिरवळ फेकू नका. आदल्या दिवशी पाणी द्या, फुटाफुटाचे दोन इंच जाड तुकडे चौकोनी कापा, सावलीत एकेरी मांडून ओल्या गोणपाटाखाली ठेवा. नोव्हेंबरात चार दिवस सहज तग धरतात. फर्मा निघाला की हिरवळीच्या बाजूने मुरूम-माती ठोकून भरा आणि तुकडे कडेला घट्ट भिडवून लावा, पातळी कडेच्या अर्धा इंच खाली. दरवर्षी हिरवळीवर खतमाती पसरता तेव्हा कडेपासून सहा इंचांची पट्टी सोडून द्या, नाहीतर तीन वर्षांत हिरवळ कडेच्या वर येते.